मुठीखालची पिन

माझी थोरली सून मार्कर दुरुस्त करते. मार्कर म्हणजे फळ्यावर लिहायचा नव्हे, हवेच्या दाबावर रंगाच्या गोळ्या उडवणारा. एक मोठं मैदान आहे, तिथे जुनी पिंपं आणि टायर रचून आडोसे केलेत, आणि चांगली कमावती माणसं तोंडावर मुखवटे चढवून एकमेकांना रंगाने मारायला येतात. आमच्या घरात भावंडं हेच काम फुकट करायची. मी एकदा तोंडाने 'बंदूक' म्हणाले, तर थोरली म्हणाली, "आई, बंदूक नाही, मार्कर." तेव्हापासून मी जीभ चावून मार्कर म्हणते.

थोरलीच्या उजव्या हाताला साडेतीन बोटं आहेत. खोक्यांच्या कारखान्यात पुठ्ठा कापायच्या यंत्राने करंगळी नेली आणि शेजारचं बोट निम्मं नेलं. डॉक्टर म्हणाले, आता बारीक काम विसरा. ती डॉक्टरांनाच विसरली. माझा मुलगा ट्रक घेऊन पंधरा-पंधरा दिवस बाहेर असतो, घरी कुणी तिची समजूत घालायला नव्हतं, आणि मी घातली असती तर तिने ऐकली नसती. डाव्या हाताने धरायचं आणि उजव्याच्या अंगठ्याने दाबायचं, अशी तिने आपली रीत बसवली आणि या मैदानावर काम मिळवलं. तिच्या टेबलावर पांढरं फडकं असतं, कडा दुमडून उभ्या केलेल्या. बारीक स्प्रिंग उडाली तर तिथेच अडते. काढलेला प्रत्येक भाग डावीकडून उजवीकडे ओळीने ठेवायचा आणि बसवताना उजवीकडून उचलत यायचं. तिच्या टेबलाजवळ शिंकायला बंदी आहे. मी रविवारी त्याच खोलीत मुखवट्यांचे तुटलेले पट्टे शिवत बसते, म्हणून हे सांगतेय ते डोळ्यांनी बघितलेलं आहे.

तिथल्या मॅनेजरला सगळे शिट्टीसाहेब म्हणतात. गळ्यात शिट्टी कायम, मैदानावरची सवय खोलीतही सुटत नाही. त्यांनी सगळ्या बावीस मार्करांसाठी दुसऱ्या कंपनीच्या नव्या मुठी मागवल्या. रबरी, मऊ, बोटं बसायला खाचा असलेल्या. जुन्या मुठी कडक प्लॅस्टिकच्या, घामाने निसटायच्या. थोरलीलाही नव्या आवडल्या. एका दुपारी बसून तिने बावीसच्या बावीस चढवल्या आणि जुन्या टेबलाखाली खोक्यात टाकल्या. बाहेर फलक लागला, 'आता नव्या मुठी'.

पहिल्याच रविवारी दुपारपर्यंत तीन मार्कर परत आले. दोहोंचा चाप लुळा पडला होता. तिसऱ्याची कथा वाईट. खेळणाऱ्याने चापावरचं बोट काढलं तरी तो गोळ्या ओकतच राहिला, हवेची बाटली सोडवली तेव्हा थांबला. पुढच्या माणसाची पाठ काळीनिळी झाली. मुखवटा काढलेला कुणी समोर असता तर डोळाच गेला असता.

शिट्टीसाहेब खोलीत आले. दारात चार माणसं उभी होती, त्यांच्यादेखत म्हणाले की स्क्रू नीट कसले गेलेले नाहीत. मग तिच्या हाताकडे बघून म्हणाले, "त्या हाताने कसले जाणार तरी कसे?" उद्यापासून तिने काउंटरमागे मुखवटे धुवायला बसावं, टेबलावर दुसरा कारागीर येईल, असंही सांगून टाकलं. थोरलीने वर बघितलंसुद्धा नाही. तिने तिसरा मार्कर फडक्यावर घेतला आणि मूठ उघडली. स्क्रू चारही घट्ट होते. पण मूठ निघाली तशी आतली एक पिन आपली आपण घरंगळून कडेला आली.

चाप आणि त्यामागचा खटका त्या एका पिनेवर झुलतात. पिन अर्धी सरकली की खटका तिरका होतो, मग चाप लुळा पडतो, नाहीतर गोळ्या अडतच नाहीत. थोरलीने खोक्यातून जुनी मूठ काढली, उलटी केली, आतून बोट फिरवलं. मग नवी उलटी करून तिच्यावरही फिरवलं. जुनीच्या आत डाळीएवढा एक उंचवटा होता. तो पिनेच्या डोक्यावर टेकायचा आणि तिला जागेवर धरायचा. नवी आतून सपाट. ज्याने जुनी केली त्याने पिन मुठीच्या भरवशावर सोडलेली, आणि ज्याने नवी केली त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

तिने शिट्टीसाहेबांना ते दाखवलं. माणूस चुकला की आधी आवाज वाढवतो. म्हणाले, दीडशहाणपणा पुरे.

थोरलीने पाना खाली ठेवला. "दीड शहाणपण आणि साडेतीन बोटं. मिळून पाच होतात की, साहेब."

दारातला एक जण हसला आणि लगेच खोकला. मग थोरली म्हणाली, आता स्क्रू तुम्हीच कसा. दोन मार्कर समोर ठेवले, एकाला जुनी मूठ, एकाला नवी, आणि पाना त्यांच्या हातात दिला. त्यांना नाही म्हणायची सोय राहिली नाही. पाचही बोटं लावून, दात-ओठ खाऊन त्यांनी आठही स्क्रू कसले. त्याआधी थोरलीने दोन्ही पिनांच्या डोक्याजवळ माझ्या शिवणाच्या खडूने रेघ मारून ठेवली होती. मागच्या भिंतीवर दोन्हींतून दोनदोनशे गोळ्या सोडल्या. भिंत लग्नघरासारखी रंगली. मुठी उघडल्या, तर जुनीखालची रेघ जागेवर आणि नवीखालची पिन नखाएवढी बाहेर.

शिट्टीसाहेबांनी ती पिन बोटाने आत ढकलली. मग दार लोटून हळू आवाजात बोलले. चार वाजता एका ऑफिसचा गट येणार होता, नव्या मुठींचा फलक बघूनच आलेला. आजचा दिवस असाच काढू, मधूनमधून पिना आत ढकलत राहू, बाहेर बोलायचं नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई."

थोरली म्हणाली, "ही मूठ झाकूनच तर माणसाची पाठ फुटली."

तिने सगळे मार्कर कपाटात ठेवले, कुलूप लावलं आणि किल्ली एप्रनच्या खिशात टाकली. ते म्हणाले, किल्ली द्या. ती म्हणाली, जुन्या मुठी चढवून देते, नाहीतर आज खेळ नाही. ते म्हणाले, हे तुम्ही ठरवणार का. त्यावर ती चालत बाहेर गेली. मीही मागून गेले, पट्टा आणि सुई हातातच.

फाटकाशी गट आलाच होता. त्यांची प्रमुख एक उंच बाई होती, घड्याळ बघत उभी. थोरलीने सरळ सांगितलं की नव्या मुठींमुळे आतली पिन सुटते आणि मार्कर थांबत नाही, म्हणून आज जुन्या मुठींवर खेळावं लागेल, हात घसरतील, अर्धा-पाऊण तास थांबावंही लागेल. मग म्हणाली, "दोष मुठीचा आहे. माझ्या हाताचा नाही. तो हवा तर मोजून घ्या." आणि हात पुढे केला.

बाईने हात बघितला, मोजला नाही. म्हणाली, थांबतो आम्ही. शिट्टीसाहेब मागे उभे होते, शिट्टी मुठीत धरून.

थोरलीने पाऊण तासात सोळा मार्कर बदलले. मी पट्टे टाकून दिले आणि स्क्रू हातात देत राहिले, तेवढं मला जमतं. संध्याकाळपर्यंत खेळ झाला, एकही परत आला नाही. हात घसरल्याची तक्रार मात्र सगळ्यांनी केली, ती रास्त होती.

रविवारचे पट्टे राहिले होते, म्हणून त्या आठवड्यात मीही रोज तिच्याबरोबर गेले. सोमवारी मुखवट्यांच्या काउंटरमागे तिची खुर्ची लावलेली होती. थोरली त्या खुर्चीसमोरून गेली आणि आपल्या टेबलाशी बसली. विचारलं नाही, म्हणून कुणाला नाही म्हणता आलं नाही. तिने एकेक पिन ड्रिलमध्ये धरून फिरवली, बारीक कानशीने दोन्ही टोकांना खाच पाडली आणि खाचेत हवेच्या नळीला लागतं तसलं इवलं रबरी कडं बसवलं. आता मूठ कुठलीही लावा, नाहीतर लावूच नका, पिन आपल्या जागी. एका पिनेला चांगला अर्धा तास जायचा. सातवी-आठवी हातातून निसटून खराब झाली, तेव्हा तिने एक शिवी दिली, ती मी लिहीत नाही.

गुरुवारी तो दुसरा कारागीर खरंच आला. पोक्त माणूस, दाही बोटं शाबूत. शिट्टीसाहेबांनी त्याला टेबलापर्यंत आणलं आणि खाली बघत म्हणाले, यांना जरा ते पिनेचं दाखवा, इथे दोघंही लागतील. माफी वगैरे काही नाही.

थोरलीने फडक्यावरचे भाग एका कडेला सरकवून त्याच्यासाठी स्टूल ओढलं. "बसा. मी आधी हात बघून ठरवत नाही," ती म्हणाली, साहेबांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "स्प्रिंग किती उडवता त्यावर ठरवते."