माईचा रोडगा आणि गोल ओव्हन

माईने विजेच्या ओव्हनमध्ये भाजलेला रोडगा हा रोडगाच होता.

या पोस्टमध्ये मला एवढेच सिद्ध करायचे आहे. ती हयात असताना मी नेमक्या उलट बाजूने बोलत होतो. म्हणून पुराव्याचा भार माझ्यावर आहे.

आज माईला जाऊन वर्ष झाले.

माई म्हणजे माझी थोरली बहीण. मी दारव्ह्याला आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले. तिचे सासर तिथून जीपने थोड्याच अंतरावर. दर हिवाळ्यात तिच्या गावच्या मारुतीपुढे रोडग्यांची पंगत होते. कणकेचे, तेलाचा हात लावून पदर घातलेले गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत, म्हणजे आरात, भाजायचे. पहिला रोडगा मारुतीला. तोपर्यंत कोणी रोडग्याचा तुकडाही तोंडात टाकत नाही.

तो पहिला रोडगा माईच्या हातचा असे.

मग तिला दम्याने गाठले. डॉक्टरांनी धूर बंद केला. पंगतीला ये, पण आरापासून लांब बस, असे सगळ्यांनी तिला प्रेमाने सांगितले.

"लांब बसून काय करू? टाया वाजवू?" माई म्हणाली.

त्याच सुमारास तिच्या सुनेने, वर्षाने, केक करायला स्वस्तातला गोल ओव्हन आणला होता. ॲल्युमिनियमचा डबा, झाकणाला काच, आत कॉइल. टायमर नाही, तापमानाचा काटा नाही. पिन लावली की सुरू, काढली की बंद.

वर्षाचा केक छान फुगला. माई काचेतून एकटक पाहत होती.

"हे फुगून राह्यलं, त मंग माहा रोडगा यात काहून होणार नाही?"

पहिल्या खेपेचे रोडगे मी स्वतः पाहिले. वरून करपलेले, आतून कच्चे.

मी म्हणालो, "माई, हा रोडगा नाही. आणि नीट भाजला गेला, तरीही तो रोडगा ठरणार नाही. रोडगा म्हणजे आरात भाजलेला. इथे आर कुठे आहे?"

"तुले काय समजते? तू जलमभर खडू खाल्ला."

"हे उत्तर नाही, माई."

"बरं. पावसात गोवऱ्या भिजल्या का आपली माय लाकडाच्या आरात भाजे. थो काय होता? जिलेबी?"

प्रतिउदाहरण बिनतोड होते. मी व्याख्या दुरुस्त केली: गोवरी असो वा लाकूड, विस्तव हवा.

माईने काचेवर बोट ठेवले. "अन् ह्या तारा लाल होते, थे काय लाजून होते?"

वर्षा हसत हसत ओट्याला टेकली. मी चहा मागितला.

तरीही रोडगे आतून कच्चेच राहत. पंगत तोंडावर आली, आणि पहिला रोडगा या वर्षी दुसऱ्या कोणाच्या तरी हातचा, असे गावात जवळपास ठरले. माईने त्याच संध्याकाळी पुन्हा कणीक मळायला घेतली. तिला लागले आहे, हे घरात सर्वांना ठाऊक होते.

एका दुपारी रोडगे अर्धवट असताना लाईन गेली. वर्षा ते बाहेर काढायला धावली.

"झाकण नोको उघडू!" माई ओरडली. "आर इझत जाते, थंडा होत जाते, तसा रोडगा आतून होते. राहू दे त्याले."

आम्ही चहा घेतला, शेजारच्या लग्नावर टीका केली, आणि मग झाकण उघडले. माईने अंगठ्याने रोडगा फोडला. पदर सुटले, वाफ आली.

तेव्हापासून ती लाईन असतानाही मध्येच पिन काढून ठेवू लागली.

पंगतीच्या दिवशी माईने घरी रोडगे भाजले आणि ताट झाकून देवळाशी आणले. नैवेद्याला ते चालतील का, हे ठरेना. गावकऱ्यांनी मला विचारले. शिकलेल्या माणसाला विचारण्याची त्यांची जुनी सवय.

मी निकाल दिला. चांगला पदार्थ आहे, पंगतीत अवश्य वाढा. पण हा रोडगा नव्हे.

माईने वाद घातला नाही. तिने ताटातला एक रोडगा उचलून माझ्यापुढे धरला.

"रोडगा नाही ना हा?"

"नाही."

"मंग खाय."

सगळी पंगत माझ्याकडे पाहू लागली. देवाचा नैवेद्य अजून व्हायचा होता.

"खाय ना बापू. केक समजून खाय."

माझा हात उचलला गेला नाही.

"गरम आहे," मी म्हणालो.

पंगत खदखदून हसली. गावातले सर्वांत वयस्कर दादाजी काठी टेकत पुढे आले. "सर खाऊन नाही राह्यले, म्हणजे रोडगाच आहे. माई, ठेव देवापुढं."

माईने ठेवला. त्यानंतर प्रत्येक पंगतीला पहिला रोडगा तिचाच होता, गोल ओव्हनमधला. आणि प्रत्येक पंगतीला ती सर्वांदेखत विचारायची, "कारे बापू, गरम होता ना तई?"

मी प्रत्येक वेळी "होता" म्हणालो. शेवटच्या हिवाळ्यातही.

आता सिद्धता.

नैवेद्याआधी फक्त रोडगा खाता येत नाही. इतर काहीही खाता येते. मला भूक लागली होती, आणि मी ते खाल्ले नाही. म्हणजे मीही तो रोडगाच मानत होतो.

या मांडणीत एकच फट आहे. न खाण्याचे दुसरे कारण असू शकते, आणि ते मी त्याच दिवशी सांगून ठेवले होते. ती फट आज बुजवतो.

माई, तुला साष्टांग नमस्कार.

चूक कबूल: रोडगा गरम नव्हता.

(सही) तुझा धाकटा, बापू