जंताची पुडी आणि पिवळा भात

औषधाला माणूस कळत नाही. ते पोटात जातं, सांगितलेलं काम करतं आणि जाता जाता दुसरीही कामं करून ठेवतं. क्विनाईननं ताप उतरतो, पण कानात रातकिडे किरकिरत बसतात. बेलाडोनानं पोटातली कळ थांबते, आणि घसा असा सुकतो की थुंकी गिळता येत नाही. म्हणून आमगावच्या दवाखान्यात पुडी हातात ठेवतानाच मी बोलत सुटायची, याने असं होईल, त्याने तसं होईल, भ्यायचं नाही. डॉक्टर म्हणायचे, बाई, तुमच्या तोंडालाही एखादी पुडी द्यायला पाहिजे. मी काही शिकून झालेली नर्स नव्हते. नवरा गेल्यावर तिथे फरशी पुसायला लागले, मग पट्ट्या बांधायला, मग पुड्या द्यायला. जे कळलं ते रोग्यांकडे बघून कळलं. इंग्रजांचं राज्य होतं, मोठी लढाई अजून लागायची होती.

जंतांवर तेव्हा सँटोनिन द्यायचे. आम्ही त्याला जंताची पुडी म्हणायचो. रात्री साखरेत घोळून द्यायची, सकाळी वरून एरंडेल, की जंत पडायचे. पण त्या पुडीची एक खोड होती. ती घेतली की माणसाला सगळं पिवळं दिसायचं आणि लघवी केशरासारखी व्हायची. एकदोन दिवसांत आपोआप उतरायचं, काही उरायचं नाही.

जवळच्याच खेड्यातली एक सून आपली पोरगी घेऊन आली. पोरगी चारपाच वर्षांची, पोट नगाऱ्यासारखं आणि हातपाय काड्या. मी पुडी दिली आणि पिवळं दिसण्याचं सगळं त्या आईकडून वदवून घेतलं. ती हुशार होती. तिनं पहिल्याच खेपेला बरोबर म्हणून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच खेड्यात एका बाळंतिणीला बघायला गेले होते. शेजारच्या अंगणात माणसं जमलेली दिसली, म्हणून डोकावले. तीच पोरगी सपरीत, म्हणजे ओसरीवर, बसलेली. पुढे भाताची थाळी.

"भात पिवरा कायले केला?" ती आजीला विचारत होती.

भात पांढरा होता. म्हातारीनं तिची लघवी पांढऱ्या फडक्यावर टिपून सगळ्यांना दाखवली होती. आता कुणाला काय शंका राहणार? आमच्याकडे कावीळ झाली की डाग द्यायचे. डाग देणारा येऊन बसला होता, आणि चुलीत इळ्याचं टोक तापत होतं. इळा म्हणजे आमचा धान कापायचा विळा.

"आजी, ही कावीळ नाही," मी म्हटलं. "पुडीनं दिसतंय तिला. आईला विचारा, मी सांगून ठेवलं होतं."

आई खांबापाशी उभी होती. सासूला म्हणाली, "मामीजी, मी तुमाले सकारपासून तेच सांगून राहिली."

"तू गप राय व," सासू म्हणाली. "पुडी आणली तू, रोगबी तूच आणला."

मी पोरीची पापणी खाली ओढून दाखवली. "हे बघा, डोळे कसे पांढरेफेक आहेत. कावीळ असती तर पिवळे नसते का?"

डाग देणाऱ्यानं वाकून बघितलं. माणूस शांत होता, बोलायलाही गोड. "अजून भाईर नाही आली ना, बाई. डोर्‍यात दिसली का मंग पोरगी हातची गेली."

"संध्याकाळपर्यंत थांबा. उतरलं नाही तर मग काय ते करा."

"ऊन चढलं का ते कारजात जाते. मंग डाग लागत नाही."

मी पोरीला उचलायला वाकले. म्हातारी मध्ये आली. "तुमाले लेकरं आहेत का, बाई?"

नव्हती. तिला ते ठाऊक होतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं. अंगणातल्या बायका खाली बघायला लागल्या. दोघा पुरुषांनी मला हात न लावता दारापर्यंत मागे रेटलं, नुसते अंगावर चालत आले.

म्हातारीचा त्या नातीवर फार जीव. तिला बघवेना, म्हणून ती पदर तोंडाला लावून मागच्या वाडीत गेली. जाताना सुनेला म्हणाली, "पाय धर. घट धर, नाहीतर भलतीकडंच लागंल."

आईनं पाय धरले. तिला माहीत होतं की पोरीला काही झालेलं नाही, आणि तिनं पाय धरले. एक डाग मनगटावर दिला, एक बेंबीच्या वर. पोरगी ओरडली नाही, नुसतं "माय, माय" करत राहिली. शेवटी तेही थांबलं.

दुसऱ्या दिवशी तिला भात पांढरा दिसला. दिसणारच होता. म्हातारीनं डाग देणाऱ्याकडे नारळ आणि धान पोचवलं आणि साऱ्या गावात सांगत फिरली. पुढच्या बाजाराच्या दिवशी एका बाईनं माझ्याकडून जंताची पुडी घेतली आणि त्याच दमात विचारलं, तो डाग देणारा कोणत्या गावचा जी? मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, जंत पडले ना? मग झालं.

मनगटाचा डाग पिकला, तेव्हा सासू-सून दोघी तिला पट्टीला घेऊन आल्या. मी पोरीला आईच्या मांडीवर बसवायला गेले, तर ती अंग आखडून सरकली आणि आजीला जाऊन चिकटली. तिच्या लेखी आजी त्या वेळी तिथे नव्हतीच. पाय आईनं धरले होते. म्हातारी तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "मायले भेते, पाहा. माह्यापाशीच येते."

आई उठून गरम पाण्याची वाटी धरून उभी राहिली. मी चिकटलेलं फडकं सोडवायला लागले आणि पोरगी आजीच्या कुशीत तोंड खुपसून रडायला लागली. आईनं एकदा हात पुढे केला. पोरीनं तो लाथेनं उडवला, पाणी सांडलं, आणि ती बाई दुसरं पाणी आणायला बाहेर गेली.