काचवालीचा हात

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक बसतं ते पुढच्या खोलीत. तिथं आरसे असतात, उजेड असतो, गोड बोलणं असतं. मागच्या खोलीत दगडाचं चाक फिरत असतं आणि त्यावर पाण्याची बारीक धार पडत असते. त्या चाकापुढं बसून गोल काच फ्रेमच्या आकाराला आणायची, हे तिचं काम. काच केसभर जास्त घासली गेली तर फ्रेममध्ये खुळखुळते, केसभर कमी घासली तर बसवताना टिचते. आता या कामाला यंत्रं आली आहेत. तिच्या मालकाकडंही एक होतं. पण एखादी अवघड काच आली की मालक यंत्र सोडून मागच्या दाराशी यायचा आणि म्हणायचा, "काचवाली, ही तेवढी तूच बघ."

काच चाकावरून कधी उचलायची, हे तिच्या डोळ्यांच्या आधी हाताला कळायचं. कसं कळतं, ते तिला सांगता यायचं नाही. पोहणाऱ्याला पाणी कसं कळतं, ते तरी कुठं सांगता येतं?

या हाताला दुसरं काम लावलं ते तिच्या धाकट्या दिरानं. तो नोकरीसाठी परदेशी निघाला तेव्हा त्याचा गेमिंग लॅपटॉप त्यानं तिच्या मांडीवर ठेवला. पाट्यासारखं जड धूड, बटणांखाली लाल दिवे, आणि पंखा सुरू झाला की घरात कुणीतरी रागावून श्वास घेतंय असं वाटावं. दीर म्हणाला, "वहिनी, हा तुला. दादाला दिला तर तो यावर फक्त विजेची बिलं भरेल. पाप लागेल मला."

दीर गेला आणि ती खेळायला लागली. चौघांची एक तुकडी, समोर तशाच कितीतरी तुकड्या, आणि सगळ्यांनी एकमेकांना टिपायचं, असा तो खेळ. संध्याकाळी भाजी निवडत सासूबाई शेजारी बसायच्या. पहिल्यांदा त्यांनी नाक मुरडलं. मग हळूहळू त्यांचं निवडणं थांबून बघणंच सुरू झालं.

"झुडपात बघ, झुडपात! बसलाय मेला दबा धरून."

"दिसला, आई."

"कुणाचं तरी पोर आहे गं ते, आपल्यासारखंच घरी बसलेलं." आणि जरा थांबून, "पण मार तू."

लांबचा नेम तिचा. तुकडीचा कप्तान एका बेकरीत भट्टीवर होता. पहाटे पाव भाजायचा आणि संध्याकाळी लढायचा. तिला त्यानं कधी पाहिलं नव्हतं, कानातल्या आवाजावरची ओळख. तोही तिला वहिनीच म्हणायचा. "वहिनी मागं असली की मला मागं वळून बघावं लागत नाही," असं तो नव्या माणसाला सांगायचा, तेव्हा ती गप्प राहायची. पण त्या दिवशी भात जरा जास्तच मऊ शिजायचा. लक्ष कुठं असायचं तिचं!

नवरा बसस्टँडवर गाड्या पुकारायचा. अमुक गाडी तमुक फलाटावर, असं दिवसभर माइकवर सांगून घरी येईपर्यंत त्याच्याजवळचे शब्द संपलेले असायचे. पण त्यानं तिच्या खेळाला कधी नाही म्हटलं नाही. ही गोष्ट ती दुकानात अभिमानानं सांगायची. "आमचे हे कधी नाही म्हणत नाहीत." स्टँडवरची माणसं त्याला विचारायची, "काय हो, घरच्यांनी काल किती मुडदे पाडले?" तो हसायचा. ते हसू कसलं होतं, हे बघायला ती तिथं नव्हती.

मग मोठ्या स्पर्धेचं निघालं. निवडीचा सामना जिंकला तर तुकडी दुसऱ्या शहरात जाणार, मोठ्या सभागृहात, माणसांसमोर खेळणार. मालकानं रजा कबूल केली. सासूबाई म्हणाल्या, "जा. मी दोन घास शिजवू शकते अजून." नवऱ्यानं बातमी ऐकली आणि म्हणाला, "बरं." एवढंच.

त्याच आठवड्यात लॅपटॉपचं झाकण बसेना. बोट फिरवायची चौकट मधोमध वर आलेली. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "पोटुशी आहे की काय गं ही?" ती हसली, पण नवऱ्यानं यंत्र पिशवीत घातलं आणि दुरुस्तीवाल्याकडं नेलं. संध्याकाळी परत आणलं तेव्हा ते हाताला हलकं लागलं.

"बॅटरी फुगली होती. काढून टाकली," तो म्हणाला. "तू तर कायम प्लग लावूनच बसतेस. तुला बॅटरीचं काय काम?"

खरंच होतं. तिनं ते यंत्र कधी भिंतीपासून लांब नेलंच नव्हतं. जे कधी वापरलं नाही ते गेलं, त्यात काय गेलं? कुणालाही पटेल असं बोलणं. तिला पटलं.

यंत्र सुरू व्हायचं. चित्रं दिसायची. मोकळ्या माळावर एकटी चालत असली की सगळं गुळगुळीत. पण लढाई पेटली, धूर उठला, चहूकडून माणसं धावत आली की चित्र अडखळायचं. बटण दाबावं आणि गोळी मागाहून निघावी. तोवर समोरचा निघून गेलेला. हे नेमकं ऐन लढाईच्या क्षणाला व्हायचं, म्हणून यंत्र तिच्या मनातही आलं नाही. तिला वाटलं, आपणच कचरतो. गर्दी झाली की आपला हात भितो.

तरी एकदा तिनं विचारलं. "अहो, तो दुरुस्तीवाला अजून काही म्हणाला होता का?"

नवरा जेवत होता. "काय म्हणणार? यंत्र ठणठणीत आहे म्हणाला." घास गिळून पुढं म्हणाला, आणि आवाज अगदी मऊ होता, "थकतेस तू. दिवसभर काचा, वर हे. आता काय वीस वर्षांची आहेस का?"

दुसऱ्या दिवशी त्यानं डोळ्यांत घालायचे थेंब आणले. तिला बरं वाटलं. आपल्याकडं कुणी बघतंय, असं वाटलं.

डोळे तिनं दुकानात तपासून घेतले. डोळे चांगले होते. म्हणजे उरला हात. मग ती हाताला शिकवायला बसली. गोळी उशिरा निघते ना, मग बटण आधी दाबायचं. माणूस दगडाआडून निघायच्या आधीच, तो निघेल असं धरून. रोज संध्याकाळी घाम पुसत तिनं हे हातात मुरवलं. थोडं जमायचं, थोडं फसायचं. सासूबाई आता ओरडायच्या नाहीत. नुसत्या शेंगा सोलत बसायच्या.

ज्या हाताबद्दल शंका येते तो हात सगळीकडंच चोरटा होतो. दुकानात एक जाड काच तिच्या चाकावर टिचली, मग आणखी एक. मालक चिडला नाही, ते जास्त लागलं. पुढची अवघड काच त्यानं मुकाट्यानं यंत्राला लावली. मागच्या दाराशी यायचं त्यानं बंद केलं.

निवडीच्या सामन्यात कप्तान एका पडक्या भिंतीमागून पुढं धावला. मागं वहिनी होती, म्हणून त्यानं मागं वळून पाहिलं नाही. धुरातून माणूस निघाला, तिनं बटण दाबलं, चित्र गोठलं. हललं तेव्हा कप्तान आडवा पडलेला होता. बाकीच्या दोघांनी कसंबसं निभावलं आणि तुकडी निवडली गेली. तिच्याशिवाय निवडली गेली, असं म्हणायला हवं, कारण दुसऱ्या दिवशी कप्तानाचा फोन आला.

"वहिनी, कसं सांगू..."

"सांग. भट्टीपुढं उभा राहणारा माणूस तू, मला काय घाबरतोस?"

"तिकडं तुझ्या जागी दुसरा घेतोय. तू वाईट वाटून घेऊ नकोस. आधी तुझा नेम म्हणजे... जाऊ दे. होतं असं कधी कधी."

"होतं," ती म्हणाली. फोन ठेवून तिनं यंत्र पुसलं, तार गुंडाळली आणि सगळं कपाटात ठेवलं. नवरा त्या संध्याकाळी पेरू घेऊन आला होता. चिरून तिच्यासमोर ठेवले त्यानं.

मोठी स्पर्धा झाली, संपली. कपाट उघडलं की ते काळं धूड दिसायचं. शेवटी एका रविवारी ते विकून टाकायचं ठरवून ती स्वतः दुरुस्तीवाल्याकडं गेली. त्यानं पालथं करून मागचं झाकण उघडलं आणि मान हलवली.

"ताई, अजून नवी बॅटरी बसवलीच नाहीत?"

"मी प्लगवरच वापरते. मग कशाला?"

"अहो, म्हणूनच तर. असल्या यंत्राला जोर लावायची वेळ आली की नुसता चार्जर पुरत नाही, वरचा जोर बॅटरी देते. बॅटरी दिसली नाही की हे आपणहून हात आखडतं, बंद पडू नये म्हणून. रोजचं काम करेल, पण गेम? अर्ध्या जिवावर." तो स्क्रू वाटीत टाकत म्हणाला, "मी तुमच्या मिस्टरांना सांगितलं होतं की. नवी मागवून ठेवू का, हेही विचारलं होतं. म्हणाले, नको, असंच राहू दे."

ती चार्जरच्या तारेकडं बघत राहिली.

त्याच्याकडं तशाच दुसऱ्या एका यंत्रातली बॅटरी होती. त्यानं ती बसवून दिली. "विकायच्या आधी बघा तरी चालवून." काउंटरवरच उभ्या उभ्या तिनं खेळ लावला. धूर उठला, माणसं धावली आणि चित्र पाण्यासारखं वाहत राहिलं. कुठं अडखळणं नाही. कितीतरी दिवसांनी तिच्या छातीत काहीतरी उघडलं. दगडाआडून एक जण निघत होता. तिनं नेम धरला.

गोळी त्याच्या आधीच निघून गेली. मोकळ्या जागेत.

पुन्हा तेच. आणि पुन्हा.

"घाई करताय, ताई," दुरुस्तीवाला सहज म्हणाला.

घाई नव्हती ती. खोट्याच्या मापानं तिनं स्वतः घडवलेला हात होता तो, एकेका संध्याकाळी, घाम गाळून.

घरी नवरा बसला होता. तिनं यंत्र त्याच्यासमोर ठेवलं. "बॅटरी बसवून आणली."

त्याला समजलं. पायाच्या अंगठ्याकडं बघत तो म्हणाला, "मी खोटं कुठं बोललो? बंद पडलं का ते? चालतच होतं."

"चालत होतं."

"मला वाटलं, खेळ आपोआप सुटेल. भांडण नको, तंटा नको. स्टँडवर लोक काय काय बोलतात, तुला माहीत नाही."

"तुम्ही नाही म्हणायचं होतं," ती म्हणाली. "एकदा तोंडानं नाही म्हणाला असतात तर मी भांडले असते. जिंकले असते, नाहीतर हरले असते. पण तुमच्याशी हरले असते ना. तुम्ही मला माझ्याच हाताशी लढायला बसवलंत. वर थेंब आणून दिलेत डोळ्यांत घालायला."

दारात सासूबाई उभ्या होत्या. त्या आत आल्या नाहीत. तिथूनच मुलाला म्हणाल्या, "तुझ्या बापानं मला किती गोष्टींना नाही म्हटलं, मोजदाद नाही. पण तोंडावर म्हटलं रे. तेवढा तरी तो बरा होता." आणि आत जाऊन त्यांनी दिवा लावला.

यंत्र तिनं विकलं नाही. कप्तानाला फोनही केला नाही. त्याला काय सांगायचं? की दोष बॅटरीचा होता? आता तर तेही खरं नव्हतं.

सोमवारी तिनं पुढच्या खोलीत जाऊन घासायच्या यंत्रापाशी ठेवलेली एक जाड काच उचलली. मालकानं बघितलं. मागच्या खोलीत चाक सुरू झालं, पाणी पडू लागलं. तिनं काच टेकवली आणि जराशानं उचलली. लवकर उचलली होती. केसभर बाकी होतं. ओली काच तिनं उजेडात धरली, पदरानं पुसली आणि पुन्हा चाकाला लावली. हात उचलायला बघत होता. दात आवळून तिनं तो खाली धरून ठेवला.