लवकर संपलेला धडा

मेणबत्ती वाऱ्यानं विझली, धुराचा वास नाकात गेला आणि मला तेलगावचं घर आठवलं. आषाढ ते आश्विन पौर्णिमा असे वर्षावासाचे तीन महिने आमच्याकडे दर रविवारी धम्माचा ग्रंथ वाचला जाई. माझे वडील, अण्णा, गेल्यावर वाचायचं काम माझ्याकडं आलं. आईला अक्षरओळख नव्हती. त्या वर्षी ती आजारी होती, बाजेवर पडून, डोळे मिटून ऐकायची.

त्या रविवारी गावात गणपतीची मिरवणूक होती. ढोल जवळ आला, मैत्रिणी दारात येऊन थांबल्या. मी मधली सात-आठ पानं एकदम उलटली, शेवटचा परिच्छेद वाचला आणि ग्रंथ मिटला.

आईनं डोळे उघडले. “आज लई लवकर संपलं गं.”

“धडाच लहान हाय,” मी म्हणाले आणि चपला घातल्या.

तिनं परत डोळे मिटले. पण दरसाल ऐकून तो ग्रंथ तिला जवळजवळ पाठ होता, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही. आश्विन पौर्णिमेला आम्ही ग्रंथ पूर्ण केला, तेव्हा बाज रिकामी होती.

आज पुन्हा तोच धडा आला आहे. मी मेणबत्ती परत पेटवली. बाहेर डीजे वाजतोय, आणि माझी लेक समोर सतरंजीवर बसून सारखी खिडकीकडं बघतेय.

“मम्मी, अजून किती राहिलं?”

“थोडंच हाय,” मी म्हणाले आणि एकही ओळ न गाळता वाचत राहिले. मान वर केली, तेव्हा समोरची सतरंजी रिकामी होती.