पडताळणीचं पहिलं घर

दुष्काळ ओसरून दोन वर्षं झाली होती. सोलापूरच्या एका कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवत होते. तरुण प्राध्यापकांसाठी आम्ही संशोधन पद्धतीचं आठ दिवसांचं शिबिर घेतलं. मुलाखत कशी घ्यायची, हा तास माझ्याकडे होता. सहा महिन्यांनी प्राचार्यांनी मलाच सांगितलं, "शिबिराचा उपयोग किती झाला, बघून अहवाल द्या."

शिबिराच्या शेवटच्या परीक्षेत पहिला आलेला प्राध्यापक कुर्डुवाडीचा होता. त्याने सोलापुरातल्या शुक्रवार पेठेत विडी कामगारांची पाहणी केली होती. त्याचे फॉर्म पाहून मी खूश झाले. एकही रकाना रिकामा नव्हता. त्यातली दहा घरं पडताळायची ठरवून मी निघाले.

पहिल्याच घरात बाई सुपात पानं घेऊन विड्या वळत होती. मी विचारलं, "घरात माणसं पाच ना?"

"चार," ती म्हणाली. हात थांबले नाहीत. "ते सर आले तवा पाच होतो. थोरली आत पडून होती, तापानं. कण्हत होती."

"सरांना ऐकू आलं नाही?"

"आलं की. तिकडं बघितलं त्यांनी. मी म्हनलं, दवाखान्यात वळखीचं कुणी हाय का? तर म्हनले, आमाला त्यात पडता येत न्हाय. मग पुढचं विचारलं, दिवसाला किती विड्या होत्यात."

सर येऊन गेल्यावर चौथ्या दिवशी मुलगी गेली होती. चौदा वर्षांची.

उरलेल्या नऊ घरी मी गेले नाही.

त्या प्राध्यापकाला बोलावून घेतलं. ऐकताना त्याचा चेहरा पांढरा पडला. तो म्हणाला, "मॅडम, तुम्हीच फळ्यावर लिहिलं होतं. माहिती घ्यायची, त्यांच्या घरच्या गोष्टीत पडायचं नाही. मी तिथं तेच आठवत बसलो होतो."

मी लिहिलं होतं. तो माझ्यापुढे रडला, आणि मला त्याच्या पाठीवर हातही ठेवता आला नाही.

अहवालात त्या मुलीवर मी एक पान लिहिलं. प्राचार्यांनी ते वाचलं, चष्मा काढून डोळे पुसले आणि पान बाजूला ठेवलं. "वाईट झालं. पण वरून आपल्याला विचारलंय ते वेगळं. परीक्षेतले गुण वाढले ना? फॉर्म नीट भरलेत ना?"

"हो."

"मग शिबिर परिणामकारक, असं लिहा."

मी लिहिलं आणि खाली सही केली. पुढची दोन वर्षं तो तास मीच घेतला. तो नियम आला की मी फळ्याकडे तोंड करून भराभर बोलत असे.