काकीनं औषध का टाकलं

माझी काकी पारगावच्या अलीकडे मळ्यात राहते. घराला तिन्ही बाजूंनी ऊस. तो डोक्याच्या वर गेला की अंगणातून आभाळ आणि रस्त्याकडे जाणारी पायवाट, एवढंच दिसतं. लोकांच्या रानातली शेंगसुद्धा विचारल्याशिवाय आम्हाला तोडू न देणारी ही बाई आज आरोपी आहे. तिनं बिबट्या मारला.

त्या वर्षी बिबट्यानं ओट्यावरचं कुत्रं नेलं. मग शेजारच्या वस्तीवर गवत कापणाऱ्या बाईला धरलं. ती वाचली, पण तेव्हापासून काकीचं जगणं आवळत गेलं. दिवस मावळायच्या आत धारा, स्वयंपाक उरकून दार लावायचं. नातीला शाळेत काका सोडायचे, काकाच आणायचे. अंगणात खेळणं बंद. रानात वाकून काम करताना बिबट्यानं मान धरू नये म्हणून काकी गळ्याला खिळ्यांचा पट्टा बांधायची. एकदा मी गेले तेव्हा तो पट्टा काढायचं विसरून ती चहा टाकत होती. मला हसू आलं नाही, तिलाही नाही.

थोडे दिवस मंचरला माझ्याकडे या, असं मी म्हटलं.

"अन् गुरं कुठं बांधू? तुझ्या गॅलरीत?"

वनखात्यानं पिंजरा लावला. बिबट्या तिकडे फिरकला नाही. एका दुपारी त्यानं कालवड मारून उसाच्या कडेला टाकली. रात्री तो ती खायला परत येणार, हे ठरलेलं. घरात रेंज नसते म्हणून काका फोन करायला रस्त्यावर गेले. परत आले तर काकीनं फवारणीचं औषध कालवडीवर ओतलेलं होतं.

सकाळी वनखात्याची माणसं आली तेव्हा बिबट्या पाटाजवळ मरून पडला होता. मादी होती. सडांना दूध होतं. शोधल्यावर उसात पिल्लं सापडली. ती टोपलीत घालून नेताना काकी दारात उभी राहून बघत होती.

औषध कोणी टाकलं, असं वनरक्षकानं विचारलं. काका म्हणाले, मी. काकी पुढं झाली.

"ते खोटं बोलत्यात. मीच टाकलं."

हा गुन्हा आहे हे माहीत होतं का, असं त्यानं विचारलं. तिनं मान हलवली, होतं. मग का केलं, यावर तिनं घराच्या खिडकीकडे हात केला.

"पोरगी आता खिडकीतनंबी भाईर बघत न्हाई, साहेब. मला दुसरं काय सुचंनाच."

गुन्हा करणारी माणसं आपल्यातली नसतात, असं मी तोवर समजत होते.

काकीला जामीन मिळाला. घोडेगावच्या कोर्टात तारीख असली की मी तिच्याबरोबर जाते. मध्यंतरी ऊस तुटला, रान मोकळं झालं, नात रस्त्यापर्यंत पळत जायला लागली. आता तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटलेला खोडवा कमरेला आलाय, आणि पलीकडच्या शिवारात पुन्हा बिबट्या दिसल्याचं लोक सांगतात.

मागच्या तारखेला बाकावर बसल्या बसल्या काकीनं हळूच विचारलं, "जज म्हणले, परत आसं करशील का, तर काय सांगू गं?"

नाही म्हणून सांग, मी म्हणाले.

"ते सांगंन," ती म्हणाली. "पर मलाच खरं वाटंना."

तेवढ्यात शिपायानं तिच्या नावाचा पुकारा केला. ती पदर सावरत उठली आणि आत गेली.