गोलातल्या सह्या

पार्सलच्या गोदामात आज तुकारामदादांनी कागदावर डब्याचं झाकण उपडं ठेवलं, पेनाने गोल काढला आणि त्याच्या कडेने सह्या घ्यायला सुरुवात केली. वरच्या मजल्यावर नव्या कराराची बोलणी अडली आहेत. सोमवारपर्यंत काही ठरलं नाही तर गाड्या बंद, असं त्या कागदावर लिहिलं आहे.

"गोल कशाला, दादा?" मी विचारलं.

"एकाखाली एक सह्या केल्या की पहिल्या नावाचा काटा काढतात, बाबा. आता शोधू दे पहिला!" दादा हसले. बाकी कोणी हसलं नाही.

नावं चहूकडे पसरत गेली. वाचायची तर कागद फिरवावा लागत होता. भीतीलाही माणसं अशी वाटून घेतात, हे मी पहिल्यांदा पाहत होतो. माझ्या वाट्याची मात्र कमी होईना. आठवीत शाळा सुटलेल्या मला, गावापासून इतक्या लांब, कामावर कोण घेणार होतं? देसाईसाहेबांनी घेतलं. राहायची खोलीसुद्धा त्यांच्याच शब्दावर मिळाली. आज ते वर मालकांच्या बाजूने बसले आहेत.

पेन माझ्या हातात आलं आणि साहेब जिना उतरून आले. दादांनी कागदावर एक खोकं सरकवलं.

"जेवलास का रे?" साहेबांनी रोजच्यासारखं विचारलं. मी मान हलवली.

ते गेल्यावर मी सही केली. पहिला कोण, ते त्यांना कळणार नाही. त्यात मीही आहे, एवढं कळेल.